विकतचा तांदूळ

टेम्पो यायच्या आधीच मी प्रत्येक खोक्यावर खोलीचं नाव टाकलं होतं, म्हणून गोंदियातलं नवं घर संध्याकाळपर्यंत लागलं. गॅस जोडला, पडदे चढले, देव बसले. रिकामी राहिली ती फक्त तांदळाची कोठी. तिच्यासाठी ओट्याखाली मी माप घेऊन जागा ठेवली होती.

सौंदडजवळचं गाव सोडताना माझ्या नवऱ्याचं आणि धाकट्या दिरांचं ठरलं होतं की शेती दिरांनी करायची आणि आमच्या वाट्याचा वर्षभराचा तांदूळ घरपोच द्यायचा. मी म्हटलं, लिहून घ्या. तर भावाभावांत लिहायचं काय असतं, असं ह्यांनी मलाच सुनावलं.

धानवाल्या घरात तांदूळ विकत आणत नाहीत. नात्यात कळलं तर शेत गेलं असंच धरतात. म्हणून आम्ही पोळ्यांवर भागवत होतो, दोन्ही वेळ भात खाणारी माणसं. किराण्याच्या यादीत मी तांदूळ लिहायची, हे खोडायचे.

"आणून राहिला ना तो," एवढंच म्हणायचे.

एका रविवारी दीर आणि जाऊबाई घर पाहायला आले. सोबत पोतं होतं. ह्यांनी ते स्वतःच्या खांद्यावरून जिन्याने वर आणलं, शेजाऱ्यांना दिसेल असं. मी शिवण उसवली. आत कनकी होती. गिरणीत तुटलेले तांदळाचे तुकडे, आम्ही कोंबड्यांपुढे टाकतो ते. ह्यांनी एकदा पाहिलं आणि पाणी प्यायला म्हणून आत गेले.

मी तीच धुतली, शिजवली आणि सगळ्यांना वाढली. दिरांनी पहिला घास घेतला.

"वहिनी, भात असा गिचका काऊन झाला?"

"तुमच्याच पोत्यातला आहे, भाऊजी."

यंदा धान भरडताना फार तुटला, असं जाऊबाईंनी सांगितलं. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं.

"आन तुम्हाले इथं काय कमी आहे, बाई? दुकानं भरून पडली आहेत."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आमचं शेत आहे, एवढं तरी ते म्हणतील असं वाटलं होतं. ते ताटातला भात कालवत राहिले.

पाहुणे गेल्यावर मी पिशव्या घेतल्या आणि ह्यांनाही सोबत नेलं. दुकानदाराने विचारलं, "कौन सा चावल दूँ, भाभी?" समोर दहा तऱ्हेचे तांदूळ मांडलेले. घरचा होता तोवर आम्ही त्याला नुसता तांदूळ म्हणायचो. मी ह्यांच्याकडे वळले, तर ते रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मीच एकावर बोट ठेवलं.

कोठी भरली. ओट्याखाली तंतोतंत बसली.

आता यादीत तांदूळ पहिला असतो. हे खोडत नाहीत.