वर्षाची डाळ

एरंडेलाचा वास आला की ते प्रकरण अजूनही माझ्यापुढे उभं राहतं.

मी अधिकारी नव्हते. नवरा हवालदार होता. तो नोकरीत असतानाच गेला आणि त्याच्या जागी मला लातूरच्या एका ठाण्यात झाडलोट, पाणी, चहा असं काम मिळालं. महिला पोलीस बंदोबस्ताला गेल्या की चौकशीला आणलेल्या बाईजवळ मलाच बसवायचे. त्यामुळे इतक्या वर्षांत ऐकलं पुष्कळ. बोलले कमी.

उन्हाळा लागला होता. मंगळवारी सकाळी एक निवृत्त मास्तर तक्रार घेऊन आले. त्यांची एकुलती लेक परदेशात. नवरा-बायकोनं तिच्या गावी कायमचं राहायला जायचं ठरवलं होतं. पण तो देश म्हाताऱ्या माणसांना सहज व्हिसा देत नाही. दर महिन्याला इतका पैसा येतो असं दाखवायचं, नाहीतर बँकेत मोठी रक्कम ठेवायची आणि व्हिसा मिळेपर्यंत तिला हात लावायचा नाही. शिवाय आजारपणाचा विमा, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. दाखल्यासाठी आमचेच जमादार महिन्यापूर्वी त्यांच्या घरी जाऊन आले होते. सगळं मास्तरांना विचारलं, मास्तरीणबाईंना फक्त सही कुठं करायची ते दाखवलं.

मास्तरांची पेन्शन त्या अटीत बसत नव्हती. म्हणून राहतं घर विकून ती रक्कम बँकेत दाखवायची होती. घर बाईंच्या नावावर होतं. गिऱ्हाईक ठरलं, बयाणा झाला, गुरुवारी नोंदणीला सह्या. आणि घराच्या कागदांची फाइल गायब. दोघांचे पासपोर्टही तिच्यातच.

"घरातच कुठं ठेवली असेल, मास्तर," ठाणे अंमलदार म्हणाले.

"पस्तीस वर्षं हजेरीपट सांभाळलाय मी. ठेवलेली वस्तू विसरत न्हाई. चोरीच हाय ही."

दुपारी खबर आली. व्हिसाचं काम करून देणाऱ्या एजंटाचा फोन. सोमवारी तो मास्तरांकडून निघत होता, तेव्हा धुणंभांड्याची बाई ओढणीखाली पिशवी लपवून जाताना त्यानं पाहिली होती. फौजदार साहेबांनी तिला बोलावून घेतलं. गल्लीत तिला सगळे आपा म्हणायचे. मुसलमानाची विधवा बाई, पाच घरची कामं करायची. महिला पोलीस दोघीही मंत्र्याच्या दौऱ्यावर. मी आपाजवळ बसले.

साहेब वाईट नव्हते, थकलेले होते. सकाळपासूनचा त्यांचा डबा तसाच पडला होता.

"पिशवीत काय होतं?"

"डाळ, साहेब. तुरीची."

"लपवून कशाला नेली?"

"लपवून न्हाई, ऊन होतं म्हणून ओढणी अंगभर घेतली होती. बाईंनी दिली. वर्षाची डाळ केली त्यांनी, एरंडेल लावून. मी हात लावला तेल चोळायला, म्हणून दोन किलो दिली."

"आणि फाइल?"

"या अल्ला! चोरायचंच असतं तर मिक्सर नेला असता साहेब. कागदावर काय भाकरी शेकू?"

बाहेर बसलेले दोघं शिपाई हसले. साहेब हसले नाहीत. मास्तरांना फोन लावून विचारलं, डाळ दिली होती का? मास्तर म्हणाले, मला माहीत नाही, आणि मंडळीला काय विचारता, ती आधीच घाबरली आहे.

तिथंच माझ्या मनात आलं होतं. दोन महिन्यांनी विमानात बसणारी बाई वर्षाची डाळ कशाला करील? आमच्याकडे डाळीला तेल लावून, उन्हं दाखवून डबे भरायचे ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खायला. हे साहेबांना सांगायला मी तीनदा दारापर्यंत गेले. एकदा चहा घेऊन, एकदा ग्लास उचलायला, एकदा उगीच. आत जमादार होते, जबाब लिहिणारा रायटर होता. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. परत आले.

दिवस मावळल्यावर बाईला ठेवता येत नाही. साहेबांनी आपाला सोडलं. "उद्या दहाला ये. कबूल झाली न्हाई तर अटक दाखवावी लागेल."

ती चप्पल शोधत मला म्हणाली, "दोन घरच्या बायांनी फोन करून सांगितलं, उद्यापासून येऊ नको. अजून अटक तर झाली न्हाई."

दुसऱ्या दिवशी घटनास्थळाच्या पंचनाम्याला घरात बाईमाणूस आहे म्हणून मला सोबत नेलं. आपा ठाण्यात बाकावर बसलेली. साहेब आणि पंच बैठकीत कपाटाची मापं घेत होते. मास्तर बोट दाखवून सांगत होते. मी स्वयंपाकघरात गेले. मास्तरीणबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. खाली पत्र्याचे तीन डबे, वर कडुनिंबाचा पाला.

मी विचारलं, "आक्का, डाळ चांगली वर्षाची भरलीत की."

त्यांनी डब्यांवरचा पाला नीट केला.

मी खाली बसले. पहिल्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. नुसती डाळ. दुसऱ्यात बोटांना प्लास्टिक लागलं. मी हात तसाच ठेवला आणि वर बघितलं. त्या बैठकीच्या दाराकडे बघत होत्या.

"आक्का, आपा काल बी आन् आता बी आमच्या बाकावर हाय. आज तिला आत घालतील."

"मला वाटलं, चार दिवस शोधतील. गिऱ्हाईक कंटाळून जाईल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिचं नाव निघंल असं वाटलं न्हवतं."

"निघाल्यावर तरी सांगायचं."

"हाव. सांगायला पायजे होतं." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "लेक चांगली हाय माझी, जावई बी. पण ते घर त्यांचं हाय. उद्या काही बोलाचाली झाली, तर मी रुसून कुठं जाऊ? इथं हे एवढं तर हाय."

मी हात बाहेर काढला, रिकामाच. "मी काढणार न्हाई. तुम्हीच काढा आन् तुम्हीच न्या."

त्यांनी नेली. पिशवीतून फाइल काढून साहेबांच्या पुढ्यात ठेवली. कडेच्या कागदांवर तेलाचे डाग उमटले होते. पंच एकमेकांकडे बघायला लागले. मास्तरांचं बोट कपाटाकडे तसंच राहिलं.

"अगं, जायचं न्हवतं तर मला सांगायचं की!"

"तुम्ही विचारलं कधी? रोज संध्याकाळी मोबाइलवरून अटी वाचून दाखवल्या. पेन्शन किती, बँकेत किती, विमा किती. मी ऐकत होते."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

मास्तरांनी लिहून दिलं की फाइल घरातच मिळून आली, गैरसमजातून तक्रार झाली. अर्धं पान पुरलं. त्यात आपाचं नाव कुठं नव्हतं. घर विकलं गेलं नाही. मास्तरांनी बयाणा परत केला. पुढच्या वर्षी ते दोघं लेकीकडे तीन महिने राहून परत आले असं कळलं. आपाला मात्र गेलेली दोन घरं परत मिळाली नाहीत. मास्तरीणबाईंनी तिला बोलावणं धाडलं, पण ती गेली नाही.

ठाण्यात राहून मी एवढंच शिकले. ज्याला बोलता येतं, त्याचा जबाब सगळे लिहून घेतात. जो गप्प आहे, त्याच्याकडे वळून विचारावं लागतं. साहेबांनी बाईंना विचारलं नाही, मास्तरांनीही नाही. पण मला तर कुणी विचारायची गरजच नव्हती. मला मंगळवारी दुपारीच कळलं होतं.

हे मी आपाला सांगितलं, निवृत्त झाल्यावर. ती माझ्या अंगणात डाळीला तेल लावत होती. दर उन्हाळ्यात येते.

"तवाच कळलं होतं तुला?"

"हाव."

तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "तेल जास्त झालं बघ. अजून डाळ ओत."

मी ओतली.