स्मारांदाने स्वतःचं लिहिलं

वेतुरियाबाईंच्या डोक्याला एकच ताप होता, तो पाठांतराचा. रुमानियातल्या बर्लाद गावच्या शाळेत एकतीस वर्षं त्या रुमानियन शिकवत होत्या आणि दरवर्षी बारावीची पोरं कादंबरीवरचा निबंध घोकूनच यायची. सर्वसाक्षी निवेदक, कथनदृष्टी, प्रातिनिधिक पात्र असे शब्द कागदावर धडाधड पडायचे. कादंबरी मात्र कुणी उघडलेली नसायची. त्यात कहर म्हणजे नोकरीच्या पहिल्या वर्षी बाईंनीच वर्गात एक निबंध सांगितला होता आणि घाईघाईत कादंबरीतल्या विधवेची गाय नवव्याऐवजी सातव्या प्रकरणात मारली होती. त्या निबंधाच्या झेरॉक्स अजून गावभर फिरत होत्या, आणि ती बिचारी गाय दरवर्षी सातव्यातच मरत होती.

"अरे, एकाने तरी पुस्तक उघडा रे!" बाई करवादायच्या. पोरं माना डोलवायची आणि पुन्हा तेच लिहायची.

यंदा त्यांनी स्मारांदाला गाठलं. वर्गात पुस्तक खरोखर वाचणारी ती एकटीच.

"तुला जे वाटलं ते लिही," बाई म्हणाल्या. "घाबरू नकोस, मी आहे ना."

मार्चच्या सराव परीक्षेत पोरीने तसंच केलं. नावाचा कोपरा दुमडून चिकटवला होता, तरी पहिल्या दोन ओळींत बाईंनी तिला ओळखलं. ‘या बापाला बोलता येत नाही, म्हणून तो ओरडतो. माझे बाबा इटलीहून फोन करतात तेव्हा असंच होतं. मी फोन आपटते, ते परत लावतात, मग दोघंही गप्प.’

बाईंचे डोळे भरून आले.

दुसरे परीक्षक कोस्तिन सर. त्यांनी पेपर वाचला आणि गुणांचा छापील तक्ता पुढे सरकवला.

"छान लिहिलंय हो. पण गुण कशाचे देऊ? निवेदकाचा प्रकार नाही, दोन प्रसंग नाहीत, संघर्ष हा शब्दसुद्धा नाही. दहापैकी चार."

"चार? अहो, ही एकटी पोरगी विचार करतेय!"

"विचाराचा रकाना दाखवा मला. जूनमध्ये खऱ्या परीक्षेचे पेपर दुसऱ्या जिल्ह्यात तपासतील, वेतुरियाबाई. तिथे जाऊन भांडणार आहात का?"

बाईंनी चडफडत तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. पास व्हायला पाच लागतात. जूनमध्ये असंच लिहिलं तर पोरीचं कॉलेज बुडणार. त्यांनी चारावर सही केली, आणि स्वतःचाच त्यांना भयंकर राग आला.

निकालाच्या दिवशी स्मारांदा दारात उभी राहिली.

"बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"म्हणाले होते. चुकलं माझं. आता मुकाट्याने पाठ कर, पोरी."

तिने पाठ केलं. मेमधल्या दुसऱ्या सरावात नऊ गुण पडले. कोस्तिन सरांनी अभिनंदन केलं. कादंबरीतला बाप आता ‘तत्कालीन ग्रामीण समाजाचं प्रातिनिधिक पात्र’ झाला होता. बाईंनी तो पेपर दोनदा चाळला. तिचे बाबा त्यात कुठेच नव्हते.