पद्मजाबाईंचा ऑनलाइन पारा

पद्मजाबाईंना दुसऱ्याच्या घरात डोकावायची सवय नव्हती. ऐकायची होती, आणि ती डोकावण्याहून भारी. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं नोकरी झाली, त्यातली पहिली सोळा रायपूरच्या ट्रंक बोर्डावर. त्या काळी बाहेरगावी फोन लावायचा तर आधी एक्स्चेंजात नंबर सांगून ठेवावा लागे, आणि मग बोर्डावरची बाई दोन्हीकडच्या तारा जोडून देई. तिला चेहरे कधी दिसत नसत, सगळा कारभार कानावर. त्यामुळे नुसत्या 'हॅलो'वरून समोरचा माणूस जेवला आहे की नाही, हे पद्मजाबाई सांगत. बहुतेकदा बरोबर सांगत. चुकलंच, तर समोरचा खोटं बोलतो असं म्हणत.

बोर्डाचा नियम साधा होता. दोन्हीकडून आवाज आला की ऐकायची कळ मागे घ्यायची आणि आपला कान बाजूला करायचा. पद्मजाबाई कळ मागे घेत, पण जरा सावकाश. एखादं वाक्य ऐकलं तर कोणाचं काय जातं, असं त्यांचं म्हणणं. काय जातं, ते पुढे येईलच.

राहायला खात्याचंच क्वार्टर होतं. बारा क्वार्टरांची एक ओळ, मागे सामायिक अंगण, अंगणात एकच नळ. बिऱ्हाडं बहुतेक वर्धा-भंडाऱ्याकडून पोटासाठी आलेली, मराठी बोलणारी. भांडणं मात्र हिंदीत, कारण हिंदीत जोर येतो. छत्तीसगडीत मोहल्ल्याला पारा म्हणतात, म्हणून त्या ओळीचं नाव पडलं टेलिफोन पारा. चौदा एप्रिलला आठ नंबरहून, म्हणजे गुलाबराव लाइनमनच्या घरून, सगळ्यांकडे खीर जाई, आणि गणपतीत पद्मजाबाईंचे मोदक. पुढे वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि राजधानीला जुन्या बैठ्या घरांची लाज वाटू लागली. ओळ पाडली. कोणी भनपुरीला गेलं, कोणी अभनपूरला, आणि पद्मजाबाई मुलाबरोबर नव्या रायपुरात सातव्या मजल्यावर. तिथं समोरच्या दारावरची पाटी त्यांना पाठ झाली होती. पाटीमागचा माणूस तीन वर्षांत दोनदा दिसला, दोन्ही वेळा लिफ्टमध्ये, दोन्ही वेळा फोनला चिकटलेला.

मग ते टाळेबंदीचं वर्ष आलं. सुनेनं, क्षमानं, सासूबाईंना फोनवर दहा-बारा माणसं एकदम कशी दिसतात ते दाखवलं. दाखवायला नको होतं, असं क्षमा नंतर पुष्कळदा म्हणाली. पुढच्याच रविवारी संध्याकाळी पाचला पद्मजाबाई कानाला हेडफोन लावून, पाठ ताठ करून बसल्या आणि त्यांनी पारा पुन्हा भरवला. "नंबर एक, बोला. नंबर दोन, तुम्ही थांबा, आवाज बंद करा." एक नंबरचे नरहरी, खात्याचे जुने स्टोअरकीपर, कॅमेरा असा धरत की त्यांचं फक्त कपाळ दिसे. चार नंबरची शारदा गॅसजवळ फोन टेकवून बसे आणि बोलता बोलता भाजी परते. कोणाच्या गुडघ्याचं काय झालं, कोणाच्या नातीला कुठं ॲडमिशन मिळाली, भनपुरीला पाणी किती वाजता येतं, असली चर्चा. टाळेबंदी उठली, माणसं बाहेर पडली, पण रविवार सुटला नाही. तीन वर्षं झाली.

आठ नंबरला मात्र पद्मजाबाईंनी लिंक कधी पाठवली नव्हती. गुलाबराव वारले होते, पण त्यांची बायको कांताबाई अभनपूरला होती, आणि तिचा फोन नंबर काही देवानं लपवून ठेवला नव्हता. पद्मजाबाईंची हिंमत झाली नव्हती, एवढंच.

आणि दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यात पाऱ्यात एक टिंब येऊ लागलं.

टिंब म्हणजे खरोखरच टिंब. नावाच्या जागी एक ठिपका, कॅमेरा बंद, आवाज बंद. सगळ्यांच्या आधी दहा-पंधरा मिनिटं यायचं, शेवटपर्यंत बसायचं, काही न बोलता जायचं. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, कोणाचा तरी दुसरा फोन असेल. चौथ्या रविवारी चौकशी झाली, कोणाचाच नव्हता. दहाव्या रविवारी शारदा म्हणाली, "मले तर भाजी परतताना लाज वाटते, कोण पाहून राहिलं काय माहीत." बाराव्या रविवारी नरहरींचं कपाळ पार लाल झालं.

"ये सब फ्रॉडवाले असतात," नरहरी म्हणाले. "आपल्या गोष्टी ऐकतात, मग एक दिवस फोन करतात अन् खातं साफ. पुढच्या रविवारपर्यंत नाव सांगायचं, नाही तर बाहेर. पद्मजाताई, बटन तुमच्याजवळ हाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. टिंबानं ऐकलंच असणार. ते नेहमीसारखं शेवटपर्यंत बसून गेलं.

पद्मजाबाईंना फ्रॉडची भीती वाटत नव्हती. फ्रॉडवाला माणूस भनपुरीच्या नळाची वेळ बारा रविवार ऐकत बसणार नाही, एवढी अक्कल त्यांना होती. त्यांना कुतूहल होतं, आणि ते त्यांना सुखानं जेवू देत नव्हतं. टिंब आत येताना त्याचा आवाज बंद व्हायला दोन-तीन क्षण लागत. तेवढ्यात जे कानी पडे, ते त्यांनी कधीच गोळा करून ठेवलं होतं. एकदा मागे जाणाऱ्या ट्रकची टूं-टूं. एकदा लोखंडी सळ्या उतरवल्याचा खणखणाट. आणि एकदा, टिंबाला यायला उशीर झाला तेव्हा, बरोबर पाचला भोंगा. तो भोंगा त्यांनी बोर्डावर बसून वर्षानुवर्षं ऐकला होता. शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतून संध्याकाळी कॉल येत, त्यांच्या मागे तोच वाजे.

"बीरगाव," त्या क्षमाला म्हणाल्या. "उरल्याला लागून. टिंब बीरगावचं हाय."

"पण तुमच्यातलं बीरगावात कोणी राहतं का?" क्षमानं विचारलं.

हीच तर पंचाईत होती. मन सांगत होतं की ही कांताबाई, आणि कान सांगत होता की अभनपूरला असला भोंगा नाही.

मन आठ नंबरकडेच का धावलं, ते आता सांगायला हवं. एक्क्याण्णव सालची गोष्ट. दुपारी बोर्डावर एक कॉल आला, मनेंद्रगडचा नंबर लावून द्या म्हणून. मुलीनं आवाज जाड केला होता, पण पद्मजाबाईंनी तो लगेच ओळखला. गुलाबरावांची पायल, एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. खात्याच्या माणसाचं घर म्हणून घरी फोन होता. पद्मजाबाईंनी तारा जोडल्या, तिकडून एका मुलाचा आवाज आला, आणि त्यांनी कळ मागे घेतलीच नाही. सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर शारदेला म्हणाल्या, "आठ नंबरची पोट्टी मनेंद्रगडच्या पोट्ट्याले फोन करून राहिली. कोणाले सांगू नको." शारदेनंही प्रत्येकीला हेच बजावून सांगितलं, कोणाले सांगू नको. संध्याकाळपर्यंत गुलाबरावांना कळलं. बुधवारी पायलला गोंदियाला मावशीकडे पाठवलं आणि महिन्याच्या आत तिकडूनच तिचं लग्न लावून दिलं. कुठं दिली, ते ओळीत कोणाला सांगितलं नाही.

कांताबाई भांडली नाही. नळावर घागर भरताना एवढंच म्हणाली, "ताई, माही पोट्टी तुमच्या भरवशावर बोलली होती." त्यानंतर खीर येत राहिली, पण दुसऱ्या कोणाच्या हातून. पद्मजाबाईंनी ती कधी टाकली नाही, आणि ती त्यांना कधी गोडही लागली नाही.

तेराव्या रविवारी पद्मजाबाईंनी पारा साडेचारलाच उघडला. पावणेपाचला टिंब आलं. ओळीतलं दुसरं कोणी यायला अजून वेळ होता. त्यांनी आपला कॅमेरा बंद केला, म्हणजे दोन्हीकडे सारखंच अंधारलेलं, आणि घसा साफ केला.

"तुम्ही कोण हाय ते मले माहीत नाही," त्या म्हणाल्या. "नाव नका सांगू. पण आठ नंबरच्या घरचं कोणी असान, तर आयका. चूक माही होती. मी आयकलं, अन् मीच नळावर जाऊन सांगितलं. शारदीनं पसरवलं म्हणून मी लय वर्षं तिच्या नावानं बोटं मोडली. पण सुरुवात माहीच."

टिंबाचा आवाज उघडला. मागे कुठं तरी सळ्या वाजल्या.

"हॅलो," बाई म्हणाली.

आवाज आता खरंच जाड झाला होता. तरी पद्मजाबाईंच्या कानानं तो ओळखला. ही कांताबाई नव्हती.

"पायल?"

"हव, ताई. लग्न झाल्यापासून बीरगावातच हाय. आमचे हे इथंच कारखान्यात होते." ती थांबली. "मले माफी नको. मले एक गोष्ट विचारायची हाय. तेरा रविवार झाले, आज विचारू, आज विचारू, असं करून राहिली."

"विचार."

"मी त्याले विचारलं होतं, गुरुवारी घरी येशील का, बाबासोबत बोलशील का. तेवढ्यात बाबा दारात आले अन् मी फोन ठेवून दिला. त्यानं काय म्हटलं, ते मले आयकू नाही आलं. तुम्ही आयकलं का?"

पद्मजाबाईंनी हळूच विचारलं, "मी लाइनवर होती, हे तुले कोणी सांगितलं?"

"आईनं. ही लिंक शारदाकाकूनं तिले टाळेबंदीतच पाठवली होती, विसरलीही असन; आता तिनं ती मले दिली. म्हणे, त्या बाईच्या कानातून काही सुटत नाही. तिलेच विचार."

आता पद्मजाबाईंना सगळ्यात सोपी वाट समोर दिसत होती. मी कळ मागे घेतली होती, मला काही माहीत नाही, असं म्हणायचं. नियमानं तेच खरं असायला हवं होतं. किंवा म्हणायचं की तो नाही म्हणाला. मग कोणाचंच काही गेलं नाही, जे झालं ते बरं झालं, आणि नळावरच्या त्या एका वाक्याचं ओझंही निम्मं उतरलं. तिसरा कान तिथं नव्हता. त्यांना खोटं पाडायला जगात कोणी नव्हतं. त्यांना स्वतःची फार भीती वाटली.

"आयकलं," त्या म्हणाल्या. "तू फोन ठेवला ते त्याले कळलं नव्हतं. तो बोलत राहिला. म्हणे, मैं आ रहा हूं. बुधवार की गाड़ी पकड़ूंगा. बाबूजी से मैं बात करूंगा, तू डर मत. मग त्यानं दोन वेळा तुहं नाव घेतलं. मग मी लाइन काढली."

तिकडे भोंगा वाजला, आणि वाजायचा थांबला.

"आला होता का तो?"

"ते मले नाही माहीत. गुरुवारी माही दिवसभर ड्यूटी होती. अन् खरं सांगू, मी कोणाले विचारलंही नाही. विचाराचं भेव वाटलं."

पायल रडत असावी, किंवा नसावी. पद्मजाबाईंना पहिल्यांदाच कानावरून काही कळेना.

"मले वाटे, तो चूप राहिला असन," पायल शेवटी म्हणाली. "मी विचारलं अन् तो चूप राहिला. बत्तीस वर्षं मले हेच वाटे. आमचे हे चांगले हाय, ताई, तशी काही तक्रार नाही. पण मनात ते होतंच, का आपण तोंडानं विचारलं अन् समोरून काहीच आलं नाही."

"मी तुले तेव्हाच सांगाले पाहिजे होतं."

"हव," पायल म्हणाली. "पाहिजे होतं."

तिनं आवाज बंद केला. तोवर पाच वाजून गेले होते, आणि एकेक चौकट उजळू लागली. नरहरींचं कपाळ आलं, शारदेची कढई आली, बाकीचे आले. पद्मजाबाईंनी डोळे पुसून आपला कॅमेरा लावला.

"तर ताई, त्या टिंबाचं काय?" नरहरींनी लगेच विषय काढला. "पता चला, कौन है?"

"हव, पता चला."

"मग सांगा."

"नाही सांगत."

पद्मजाबाईंना एखादी बातमी माहीत आहे आणि त्या ती सांगत नाहीत, असं कोणी आजवर पाहिलं नव्हतं.

"मले तरी सांग," शारदा कढईवरून पुढे वाकली.

"तुले तर नाहीच."

"हे बरोबर नाही," नरहरी म्हणाले. "मागच्या रविवारी सगळ्यांच्या समोर ठरलं होतं. नाव नाही तर बाहेर. तुम्ही त्याले काढत नसान तर मी जातो, अन् माह्यासोबत अजून दोघं-तिघं जातीन. मग बसा तुम्ही अन् तुमचं टिंब."

तीन वर्षं जपलेला पारा होता तो. पद्मजाबाईंनी एक नाव घेतलं असतं तर नरहरी विरघळले असते, शारदा रडली असती, सगळं गोड झालं असतं. ते नाव त्यांच्या ओठांवर होतं. त्यांनी ओठ मिटून घेतले.

"जा मग," त्या म्हणाल्या. "पण टिंब राहीन."

नरहरींचं बोट कॅमेऱ्यावर आलं, चौकट काळी होणार एवढ्यात दुसरा आवाज आला.

"नरहरीकाका, थांबा."

टिंबाच्या जागी एक चेहरा होता. पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर नाही, मागे पत्र्याचं छत. शारदेच्या हातातला झारा तसाच राहिला. कढईतून धूर निघू लागला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"मी पायल," ती म्हणाली. "गुलाबराव लाइनमनची. ज्या पोट्टीनं मनेंद्रगडले फोन केला होता, तीच. तुम्ही सगळ्यांनी आयकलं होतं तेव्हा, का मी फोन केला. पण पुढचं कोणालेच माहीत नव्हतं, मलेही नव्हतं. म्हणून आता सगळ्यांसमोर सांगते. तो येतो म्हटला होता."