तिला बेंगळुरूतच ठेवलं

माझी मुलगी गेली तेव्हा अकरावीत होती. डेंग्यूचा ताप आला, आठवडाभरात सगळं संपलं. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही, कारण लिहायला बसले की माझा हात तिथेच अडकतो. मला लिहायचंय ते तिच्या वर्गाबद्दल. ती गेली, पण वर्ग बारावीत गेला आणि त्याच्या मागोमाग मीही गेले.

कशी, तर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मी बाहेर पडले नाही, आणि मला काढायची कुणाची हिंमत झाली नाही. युनिट टेस्टचं वेळापत्रक, लॅबकोट कुठे स्वस्त मिळतो, उद्या बस उशिरा येणार, हे सगळं मी ऑफिसात बसून वाचायचे. बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागातल्या आमच्या काचेच्या इमारतीत माझ्याइतकी मन लावून रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलची तारीख वाचणारी दुसरी कुणी नसेल. नवरा म्हणायचा, कशाला छळून घेतेस स्वतःला. त्याला काय सांगणार? या वर्गात अजून तिची जागा होती. रिकामी का असेना, होती.

फेब्रुवारीत फेअरवेलचा मेसेज आला. बाकीच्या आया साड्यांचे फोटो टाकत होत्या. मी एकच विचार करत होते. हा वर्ग एकदा पांगला की माझी मुलगी कुठल्याच वर्गात नसणार. मग ती कुठे आहे असं मी समजायचं?

त्याच आठवड्यात एका शनिवारी तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण घरी आली. ही मुलगी इथलीच. घरी कन्नड, माझ्याशी तिचं ते खास हिंदी, आणि मधूनमधून माझ्या मुलीकडून उचललेलं मराठी. सोफ्याच्या अगदी कडेला बसली. म्हणाली, "आंटी, उसका चिट मेरे को आया."

मला काही कळेना. मग तिने नीट सांगितलं. त्यांच्या शाळेत फेअरवेलला एक खेळ असतो. वर्गातल्या सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकायच्या, प्रत्येकाने एक उचलायची, आणि ज्याचं नाव येईल तो दहा वर्षांनी कसा असेल ते स्टेजवर करून दाखवायचं. वर्गाने माझ्या मुलीच्या नावाचीही चिठ्ठी टाकली होती. ती हिला आली होती.

"मिस बोले स्किप करो, कोई कुछ नहीं बोलेगा," ती म्हणाली. "हम लोग नहीं माने. लेकिन आप ना बोले तो सरी, ठीक है, नहीं करेंगे."

मला राग आला. असा आला की मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. कुणी सांगितलंय या पोरांना हा शहाणपणा? जी सतरा वर्षांचीही झाली नाही तिला सत्तावीस वर्षांची करून नाचवणार, आणि मी खाली बसून टाळ्या वाजवू? नवरा आतून आला, त्याने तिला पाणी दिलं आणि परत आत गेला. ती पेला हातात धरून बसून राहिली. तिला भीती वाटत होती, तरी ती उठली नाही. त्या एका गोष्टीने माझा राग जरा उतरला.

"मग काय करणार तिला?" मी विचारलं.

"वही पूछने आयी, आंटी."

आणि मग माझा बांध फुटला. मी तिला जर्मनीबद्दल सांगितलं. माझी मुलगी मोबाइलवर जर्मन शिकत होती, तिला तिकडे जाऊन रोबॉट बनवायला शिकायचं होतं, आणि तिकडच्या थंडीवरून आमचं आत्तापासून भांडण चालायचं. जाड कोट पुण्याच्या लक्ष्मी रोडवर घ्यायचा की तिकडे पोचल्यावर, इथपर्यंत गोष्टी गेल्या होत्या. मी बोलत राहिले. कितीतरी महिन्यांत तिच्याबद्दल पुढचं असं मी काही बोललेच नव्हते. भेटायला येणारी माणसं मला मागचंच विचारायची. ही पोरगी पुढचं विचारत होती. निघताना दारात "येते मी" म्हणाली, अगदी आपल्यासारखं.

फेअरवेलला नवरा आला नाही. "माझ्याच्याने नाही व्हायचं, तू जा," म्हणाला. मीही जाऊ नये असं दहादा वाटलं, पण गेले.

हॉलच्या बाहेर आया मुलींच्या निऱ्या सारख्या करत होत्या. तोंडात पिना धरून, पदर ओढून, "सरळ उभी राहा ना" म्हणून करवादत होत्या. माझे हात मोकळे होते. एकीने येऊन माझा दंड दाबला आणि मी किती ब्रेव्ह आहे ते मला सांगितलं. मला शूर म्हणणाऱ्या माणसांचा मला मनापासून वैताग येतो. शूर व्हायचंय का, असं आधी कुणी मला विचारलं होतं का? मी हसले आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

आधी आठवणी झाल्या. आऊटर रिंग रोडवर पाणी तुंबलं होतं आणि त्यांची बस अंधार पडेपर्यंत एका जागी उभी होती, तो दिवस सगळ्यांनाच सांगायचा होता. त्या दिवशी कुणी कुणाचा डबा खाल्ला, कोण रडलं, ड्रायव्हर अण्णांनी कुठली गाणी लावली, यावर स्टेजवरच वाद झाला. मी त्या संध्याकाळी घरात येरझाऱ्या घालत होते, आणि ही मंडळी बसमध्ये गात होती. मग एका मुलाने वर्गातल्या प्रोजेक्टरची गोष्ट सांगितली. तो फक्त माझ्या मुलीच्या हाताने चालायचा. ती बाकावर चढून त्याला एका ठरावीक जागी थाप मारायची. ती गेल्यावर त्यांनी सगळ्या जागी मारून बघितलं, पण तो चालेना. शेवटी नवीन आणावा लागला. त्याने हे हसत सांगायला सुरुवात केली होती, शेवटपर्यंत त्याला हसता आलं नाही.

मग तो चिठ्ठ्यांचा खेळ. त्यांनी त्याचं नाटुकलं केलं होतं. दहा वर्षांनी सगळे भेटायला येतायत, देवनहळ्ळीच्या विमानतळावर एकेक जण बॅग ओढत उतरतोय. एक लंडनची डॉक्टर झाली होती, आईने दिलेल्या चटणीच्या पुडीसाठी कस्टमवाल्यांशी भांडून आली होती. एकाच्या तीन कंपन्या बुडाल्या होत्या आणि तो चौथीसाठी मित्रांकडे पैसे मागत होता. एक सिंगापूरहून, एक दुबईहून. हॉल हसून हसून लोळत होता. मी जर्मनीच्या विमानाची वाट बघत होते.

ती विमानातून आलीच नाही. ती बाजूच्या दारातून आली. साडीवर पिवळं हेल्मेट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात गाडीची किल्ली. ती या सगळ्यांना घ्यायला आली होती. "बोम्मसंद्रा से आ रही हूँ, फॅक्टरी से," तिने दम दिला, "पूरा बेंगळुरू पार करके. लेट हुआ करके कोई बोला तो सबको यहीं छोड़ूंगी." माझ्या मुलीची दम द्यायची तऱ्हा तीच होती, मान जराशी तिरकी. पण मी मनात खट्टू झाले. एवढं घसा फोडून सांगितलं, आणि ही जर्मनी विसरली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो कान आणि खांद्यात धरला आणि बॅगा उचलता उचलता म्हणाली, "हं." थोड्या वेळाने, "हं." मग लांबवून, "हंऽऽ." सगळा वर्ग हसत सुटला. स्टेजवरचे, खालचे, सगळे एकदम. कारण रोज शाळा सुटली की मी ऑफिसातून फोन करायचे, आणि माझ्या सूचनांच्या माळेला बसमधून हेच उत्तर यायचं. पहिला हं म्हणजे ऐकतेय, दुसरा म्हणजे ऐकत नाहीये, तिसरा म्हणजे आई आता पुरे. त्या पोरांना मराठी येत नव्हतं, पण हे तिन्ही पाठ होते. मीही हसले. खूप हसले. मग माझ्या लक्षात आलं की सत्तावीस वर्षांच्या माझ्या मुलीला मी अजून रोज फोन करतेय आणि ती अजून वैतागतेय, आणि मला त्या वैतागाची भूक लागली.

कार्यक्रम संपल्यावर ती मला बाहेरच्या व्हरांड्यात भेटली. हेल्मेटने केस चपटे झाले होते. मी विचारलं, "जर्मनीचं एवढं सांगितलं होतं ना मी तुला?"

"मैंने सबको बोला, आंटी," ती खाली बघून म्हणाली. "फिर हम लोग बैठके सोचे. सब जा रहे हैं ना. मैं मणिपाल जाऊंगी, कोई दिल्ली, कोई बाहर. वो भी चली जाएगी तो आपके पास कौन रहेगा? इसलिए उसको इधर ही रखा."

मी रडले. तिथेच, सगळ्या साड्यांच्या आणि कॅमेऱ्यांच्या मधे, मोठ्याने. तिने मला धरलं तेव्हा कळलं की तीही रडतेय.

जूनपर्यंत सगळे गेले. ग्रुपवर एकेक जण बाहेर पडल्याच्या ओळी येत राहिल्या, आणि एके दिवशी मीही बाहेर पडले. कुणी काही म्हणालं नाही. म्हणायला फारसं कुणी उरलंच नव्हतं.

परवा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. नागपूरहून नुकत्याच आल्यात. मला फोनवर मराठीत बोलताना ऐकून खूश झाल्या. कुठल्या तुम्ही, किती वर्षं झाली इथे, असं चालू झालं, आणि मग विचारलंच, "मुलं किती तुम्हाला?"

या प्रश्नाचं खरं उत्तर मी दिलं की समोरचं माणूस आपल्या चपलांकडे बघायला लागतं. मला ते नको होतं. मी म्हणाले, "एक मुलगी."

"शिकते?"

"नोकरी करते. बोम्मसंद्र्याला, फॅक्टरीत."

"वाटत नाही हो तुम्हाला एवढी मोठी मुलगी असेल," त्या म्हणाल्या. "पण म्हणजे रोज होसूर रोडचा ट्रॅफिक?"

"हो," मी म्हणाले. "यायला उशीर होतो तिला."