मेश्रामबाईंची बारी

मेश्रामबाईंनी पहिल्याच भेटीत आमच्या दिग्दर्शकाच्या हातावर चापट मारली. त्रिपाठीजी बिचारे वेलीवरचा कोवळा भोपळा कॅमेरामनला दाखवत होते, तर्जनी चांगली ताठ करून. बाई वाफ्यातून उठल्या, दोन ढांगांत आल्या आणि फाडकन लगावली. "बोट नको दाखवू. सडते ते." त्रिपाठीजी भोपाळचे. मराठी कळली नाही, चापट मात्र कळली. मी कानावरचे हेडफोन काढले आणि हिंदीत समजावलं की कोवळ्या फळाला बोट दाखवलं तर ते सडतं असं आमच्यात मानतात, दाखवायचंच असेल तर बोट मुडपून दाखवावं. पुढे अख्खा मोसम आमचं युनिट त्या जागेत मुडपलेली बोटं घेऊन फिरलं. कॅमेऱ्याला बाईंची हरकत नव्हती, त्याला बोट नसतं म्हणाल्या. हरकत होती माझ्या काठीला, जिच्या टोकाला मी माइक बांधत असे. "अन् हा कानवाला तं डंडाच दाखवून राहिला," असं म्हणाल्या, तेव्हापासून मी त्यांचा कानवाला.

राज्य नवीन झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं आणि गल्लोगल्ली चॅनेलं निघाली होती. त्यातल्या एका चॅनेलात मी आवाज रेकॉर्ड करायला होतो. त्रिपाठीजींच्या डोक्यात एक मालिका होती. रेल्वेलाइनच्या कडेला पडीक जमिनीचे लहान लहान तुकडे कामगारांना भाजीपाल्यासाठी दिलेले होते, त्या तुकड्यांवर राबणाऱ्या माणसांच्या मागे पेरणीपासून शेवटच्या तोडणीपर्यंत फिरायचं. आमच्याकडे अशा भाजीच्या तुकड्याला बारी म्हणतात. शब्द छत्तीसगढी, पण आम्ही मराठी लोकही तोच वापरतो. मालिकेचं नाव ठेवलं 'हमारी बारी'. त्रिपाठीजींना या नावाचा भारी अभिमान होता, कारण हिंदीत बारी म्हणजे पाळी, नंबर. नवं राज्य, आता नंबर आमचा, असा त्यांचा दुहेरी अर्थ. मी तो बाईंना सांगितला. "बारी म्हंजे बारी," म्हणाल्या. "नंबर रेशनच्या दुकानात लागते."

बाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. लग्न होऊन रायपूरला आल्या. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो गेल्यावर त्याच्या जागी यांना ऑफिसात शिपायाची नोकरी लागली आणि त्याची बारीही यांच्याकडे आली. रिटायर झाल्या तेव्हा नियमाने ती परत करायला पाहिजे होती. कोणी मागितली नाही, यांनी दिली नाही. आता कोणी भाबडा वाचक समजेल की बाई फार मोठ्या बागायतदार होत्या. छे. त्यांची वांगी किडकी निघत, मुळे दोरीएवढे. शेजारच्या बारीतले साहूजी, एका दुकानात हमाली करणारे, त्यांच्याकडे लाल भाजी, म्हणजे लाल माठ, अशी लुसलुशीत यायची की कॅमेरामन तिकडेच पळायचा. बाईंना त्याचं काही वाटत नसे. "माया हाताले गुण नाही," म्हणत आणि परत वाकून खुरपायला लागत.

मग इतकी धडपड कशासाठी, असं मी एकदा विचारलं. काम थांबलं होतं, बाई बांधावर पाय सोडून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ऑफिसात घंटी वाजली का उठ. सायेब आला का उठ. घरी बसली त सून म्हणते, आई जरा उठा, झाडू मारतो. इथं मले कोणी उठ नाही म्हणत." एवढंच. मी नंतर पुष्कळ शिकल्यासवरल्या माणसांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या, आपल्याला काय हवं ते इतक्या थोडक्यात कोणी सांगितलं नाही.

बाईंचा खरा अवतार दिसला तो वांग्यांच्या दिवशी. मालिकेची जाहिरात करायची होती आणि बाईंच्या झाडांना फुलं होती, फळ नव्हतं. त्रिपाठीजींनी बाजारातून टपोरी वांगी आणवली आणि काळ्या दोऱ्याने झाडांना बांधली. बाई पाणी आणायला गेल्या होत्या. परत आल्या, बादली खाली ठेवली, एक वांगं उचलून दोरा पाहिला. "काहून रे," त्या मला म्हणाल्या, कारण त्रिपाठीजींशी भांडायचं असलं तरी ते माझ्यामार्फत, "याच्या घरी पोट्टं नाही झालं, त बाजारातून आणून बांधते काय हा?" मी भाषांतर करायला साफ नकार दिला. साहूजी हसून हसून बांधावर बसले. बाईंनी एकेक दोरा सोडला, वांगी पदरात घेतली आणि संध्याकाळी आम्हा सगळ्यांना त्यांचंच भरीत खाऊ घातलं. त्रिपाठीजींनी दोनदा मागून घेतलं.

हसण्याचे दिवस तेवढेच. माघ सरता सरता काही लोक जमीन मोजायची फीत घेऊन आले आणि बाऱ्यांच्या कडेने चुन्याची रेघ मारून गेले. शहरात तेव्हा सगळीकडेच अशा रेघा पडत होत्या. तेलीबांध्याकडे रस्ता रुंद होत होता, इकडे पूल येणार, तिकडे कॉलनी येणार, रोज नवी बातमी. आमच्या रेघेचं काय ते कोणी सांगेना. एक म्हणे बुलडोझर होळीनंतर येणार, दुसरा म्हणे येणारच नाही. बाईंनी एकच धरून ठेवलं, की बारीत माणूस असेल तर बुलडोझर थांबतो आणि नसेल तर थांबत नाही. त्या उजाडायच्या आत येऊन बसायला लागल्या. डबा तिथेच, दुपारची झोप तिथेच, साहूजींनी बांधलेल्या ताडपत्रीखाली.

आणि त्याच दिवसांत त्यांचा श्वास बिघडला. तो सगळ्यांत आधी मला कळला, यात माझी हुशारी काही नाही. माइक त्यांच्या पदराला लावलेला असे आणि त्या काय बोलतात त्याच्याआधी मला छातीतली घरघर ऐकू येई. पुढे पुढे एका वाक्यात दोनदा थांबायला लागल्या. मी म्हटलं, "मावशी, डॉक्टरला दाखवा." त्या म्हणाल्या, "मी तिकडं गेली का हे इकडं येतीन."

त्यांचा मुलगा रवी उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये होता. पोरगा साधा, आईवर जीव असलेला, पण आमच्या इकडच्या त्याच्या वयाच्या सगळ्यांसारखा, मराठी सगळी कळते आणि उत्तर हिंदीत. ड्यूटी संपवून, अंगावर लोखंडाची धूळ घेऊन तो सरळ बारीत यायचा आणि मायलेकांची जुंपायची.

"अम्मा, चलो अस्पताल. मैं छुट्टी ले लेता हूँ."

"अन् इथं कोण बशीन? तुया बाप?"

"जाने दो ना बारी को. सब्ज़ी बाज़ार में मिलती है."

असं तो बोलला की बाई तोंड फिरवून घेत. मला रवीचाही राग येत नव्हता. तो चुकीचं काय बोलत होता? एकीकडे जीव, एकीकडे किडकी वांगी. कोणीही हेच म्हटलं असतं.

शेवटी तोड साहूजींनी काढली. ते म्हणाले, "दीदी, तैं जा. मैं बइठे रहिहौं." म्हणजे, ताई, तू जा, तुझ्या जागी मी बसून राहतो. साहूजींच्या शब्दावर बाईंचा विश्वास होता. चैत्रातल्या एका सकाळी त्या इस्पितळात जायला तयार झाल्या. निघताना सगळ्या झाडांना पाणी घातलं, साहूजींना ताडपत्रीखाली बसवलं आणि रवीच्या सायकलवर मागे बसून गेल्या. वळणापर्यंत मागे बघत होत्या.

पुढचं मला रवीने सांगितलं, आणि काही त्या इस्पितळाच्या दारावरच्या माणसाने, ज्याला रवीने नंतर गळा धरून विचारलं होतं. गर्दी फार होती. चिठ्ठी घेऊन आईला बाकावर बसवलं आणि रवी कुठल्याशा तपासणीचं विचारायला दुसऱ्या खिडकीवर गेला. तेवढ्यात बाई तोंड धुवायला नळावर गेल्या असाव्यात. हळूहळू भिंत धरत परत आल्या. दारावरच्या माणसाने त्यांच्या हातातली चिठ्ठी बघितली आणि म्हणाला, "अम्मा, तुम्हारी बारी तो गई."

बाईंनी विचारलं, "कब गई?"

"अभी-अभी. आवाज़ दी थी, तुम थीं ही नहीं."

त्या माणसाने काय वावगं केलं? त्याने नंबर गेल्याचं सांगितलं, उद्या या म्हणाला. दिवसभरात तो हे शंभर जणांना म्हणत असेल. पण बाई दोन महिने दुसऱ्या कोणत्याच बातमीची वाट बघत नव्हत्या. त्यांच्या तोंडी त्या शब्दाला एकच अर्थ होता, आणि ती गेली, आत्ता गेली, आणि त्या तिथे नव्हत्या. त्या वळल्या आणि बाहेर पडल्या. दारावरच्या माणसाला वाटलं, म्हातारी रुसली.

चैत्रातलं ऊन काय असतं ते रायपूरकरांना सांगायला नको. पायात साधी चप्पल, छातीत ती घरघर, आणि बाई चालत निघाल्या. रिक्षा का केली नाही ते मला आजही कळत नाही. बहुतेक सुचलंच नसेल. रवी तिकडे इस्पितळाच्या प्रत्येक वॉर्डात आईला शोधत होता.

साहूजी ताडपत्रीखाली कांदा घेऊन बासी खात बसले होते, म्हणजे रात्रीचा पाण्यात ठेवलेला भात. दुपारची सामसूम होती. बुलडोझर नाही, फीतवाले नाहीत, कोणी नाही. बाई रेघ ओलांडून आत आल्या आणि उभ्या राहिल्या. साहूजी सांगतात, चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी पहिल्यांदा झाडं पाहिली, मग साहूजींना पाहिलं, मग परत झाडं. "म्हने गेली," एवढं म्हणाल्या, आणि हसल्या. साहूजींना काही उमगलं नाही. कोण गेली, त्यांनी विचारलं. बाई दोन वाफ्यांच्या मधल्या सरीत बसल्या, ओल्या मातीत. साहूजी लोटा भरायला नळावर गेले. ते परत आले तेव्हा बाई वांग्याच्या झाडाला टेकल्या होत्या आणि झाड त्यांच्या वजनाने वाकलं होतं.

आम्ही मालिका साहूजींच्या भाजीवर संपवली. त्रिपाठीजींना दुसरं काही सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर सुचण्यासारखं काही नव्हतंच.

मेश्रामबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसासाठी बौद्ध रीतीने करतात त्या विधीच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी साहूजींचा निरोप आला, लवकर या. मी गेलो तर रवी कुदळ घेऊन बारीत उतरला होता. वांगी मुळासकट बाहेर काढून टाकलेली, भोपळ्याचा वेल गुंडाळून बांधावर फेकलेला. एका कोपऱ्यापासून तो जमीन खणत निघाला होता, गुडघाभर खोल, एकही जागा न सोडता. साहूजी बाजूला उभे राहून नुसते "रहन दे बेटा, रहन दे" म्हणत होते.

मी जवळ गेलो. "काहून करून राहिला रे हे?"

तो थांबला नाही. "देखना है, भैया," म्हणाला. "मेरे पास से उठ के जिसके लिए चली गई, उसमें था क्या."

मी त्याच्या हातातून कुदळ घेऊ शकलो असतो. घेतली नाही. ऊन चढेपर्यंत तो खणत राहिला. माती निघाली, लाइनवरची गिट्टी निघाली, गांडुळं निघाली, एक गंजलेला खिळा निघाला. तो प्रत्येक ढेकूळ हाताने फोडून बघत होता. शेवटी समोरचा बांध लागला, पुढे खणायला जागाच उरली नाही.

"कुछ भी नहीं है," तो म्हणाला, आणि त्या उकरलेल्या मातीत बसून मोठ्याने रडायला लागला. मी आणि साहूजी त्याच्या दोन बाजूंना बसलो. खोटं कशाला बोलू, त्या घडीला मलाही त्या मातीचा रागच आला होता.