खळीची विजार आणि नेटकडची धाव

आमच्या गल्लीत कपडे इस्त्रीला दिले की ते एकटे परत येत नसत, त्यांच्यामागोमाग इस्त्रीवालाही घरात येत असे. दारात गठ्ठा दिला आणि वळलं, असलं अर्धवट काम आमच्या इस्त्रीवाल्या कडकभाऊंना पटत नसे. गठ्ठा तुमच्या हातात पडतो न पडतो, तोवर भाऊ तुमच्या कपाटापाशी पोचलेले. "तुम्ही लोक शर्ट कोंबता," असं म्हणून स्वतःच्या हातानं एकेक शर्ट रचायचे आणि मगच बाहेर पडायचे. एकदा मजला चुकून ते भलत्याच घरात शिरले आणि तिथलं कपाट लावून आले. त्या घरातल्या माणसानं आधी चोर चोर म्हणून गल्ली गोळा केली, मग कपाट बघितलं आणि खालचा खणही लावून देता का म्हणून विचारलं.

टेनिसही ते असंच खेळत. सर्व्हिस टाकली की चेंडूच्या मागे स्वतः धावत नेटपाशी हजर. समोरच्यानं चेंडू परत मारला की त्याचा टप्पा पडायच्या आत, हवेतच, टप्पकन पलीकडे ठेवून द्यायचा. याला व्हॉली म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्या खेड्यातल्या शाळेत खेळाच्या तासाला मास्तर आम्हाला मैदानातले दगड वेचायला लावत, त्यामुळे माझं खेळाचं ज्ञान दगडांपुरतंच. पण आवाज खणखणीत म्हणून आमच्या टेनिस क्लबातल्या लोकांनी मला पंचाच्या उंच खुर्चीवर बसवलं, ते आजतागायत उतरवलेलं नाही. वरून सगळं छान दिसतं. लोकांची टकलंसुद्धा.

त्या खुर्चीवरून मी एक आख्खा खेळ म्हातारा होताना पाहिला. पूर्वी टीव्हीवर मोठ्या स्पर्धा लावाव्यात, तर सर्व्हिस करून पुढे धावणारे पैशाला पासरी. हिरवळीच्या कोर्टावर नेटपर्यंत गवत झिजून पायवाट पडायची. आता गवत झिजतं ते मागच्या रेघेवर. नेटजवळ इतकं दाट माजतं की तिथे शेळी सोडावी. दोघं आपापल्या टोकाला उभे राहतात आणि चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला तर मधेच डुलकी लागते आणि जाग येते तेव्हा तोच चेंडू चालू असतो.

आमच्या क्लबातही तेच झालं. एकेक करून सगळे मागे सरकले आणि पुढे धावणारे उरले फक्त कडकभाऊ. वय झालं, गुडघे कुरकुरू लागले, एकदा नेटमध्ये अडकून चष्मा फुटला, पण धाव थांबेना.

शेवटी लेकीनं मनावर घेतलं. "बाबा, पुरे आता. मागे उभं राहून खेळा की. हे बघा कसे खेळतात." हे म्हणजे तिचा नवरा, भाऊंचा जावई. बँकेत काचेमागे बसणारा, शांत, घामसुद्धा विचारून येणारा माणूस.

जावई समजुतीनं म्हणाला, "बाबा, दिवस बदललेत. आताच्या रॅकेटच्या तारा चेंडूला धरून फिरवतात. तुम्ही नेटवर आलात की चेंडू तुमच्या पायाशी बुडतो. कोर्टंही मंदावलीत, समोरच्याला भरपूर वेळ मिळतो. पुढे धावणं म्हणजे आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं."

"जावईबापू," भाऊ म्हणाले, "तुम्ही बँकेत बसता तसेच कोर्टावर बसता. माणूस काचेपर्यंत आला तर आला. चेंडू आला की शिक्का मारायचा, परत पाठवायचा. त्यापेक्षा मी घरी बसून बटणं लावीन."

"मग होऊन जाऊ दे," लेक म्हणाली. "यांच्याशी एक सेट खेळा. हरलात तर जन्मभर मागची रेघ. जिंकलात तर तुमच्या गुडघ्यांविषयी या घरात कुणी अवाक्षर काढणार नाही."

भाऊंनी मान वर करून खुर्चीवर माझ्याकडे पाहिलं. "अंपायर, ऐकलंत ना? शब्द म्हणजे शब्द." पण हे म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांना सांगितलंय, यापुढे कपडे दाराच्या कडीला अडकवून निघून जायचं. तसंही हल्ली अर्धी गल्ली तेच सांगू लागली होती.

आता विजारीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भाऊ टेनिसला पांढरीशुभ्र विजार घालत आणि तिला अशी खळ करत की विजार कोपऱ्यात ठेवली तर भिंतीशिवाय उभी राही. त्यांच्या घरी एकदा मी अंधारात तिला नमस्कार केलाय, पाहुणे आलेत समजून. ऐटबाज दिसायचे त्यात, पण वाकता येत नसे. जावयाचा चेंडू पायाशी बुडणारा आणि सासऱ्याची विजार गुडघ्यात न वाकणारी, म्हणजे निकाल दोरीवरच वाळत पडलेला.

वहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, हे कळत होतं. लेकीच्या बाजूनं बोलत होत्या, पण नवऱ्याचं तोंड उतरलेलं त्यांना बघवेना. सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांनी गुपचूप विजार साध्या पाण्यातून काढली आणि वाळत घातली. खळीचा थेंब नाही. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "बोलू नका हं. निदान वाकतील तरी."

सकाळी भाऊंनी विजार हातात घेतली तर ती मान टाकलेली. त्यांना वाटलं, आपलाच हात म्हातारा झाला, खळ करायलाही विसरलो. ही गोष्ट कळून बायकोला घोर लागू नये म्हणून ते मागच्या दारानं दुकानात गेले आणि त्यांनी दुप्पट खळ करून वरून इस्त्री फिरवली. म्हणजे दोघांनी एकमेकांपासून लपवून एकमेकांची काळजी घेतली आणि त्यातून जी विजार तयार झाली तिच्यावर जेवायची ताटं मांडता आली असती.

कोर्टावर भाऊ आले ते परकरात पाय अडकलेल्या पेंग्विनसारखे. वहिनींनी मला डोळ्यांनी विचारलं, हे काय? मी खुर्चीवरून खांदे उडवले.

सामना मात्र रंगला. भाऊंची सर्व्हिस अजून चाबूक होती. धावायचे तेव्हा विजारीचा खडखड असा आवाज यायचा आणि जावयाचं लक्ष उडायचं. त्या गडबडीत भाऊंनी बरेच गुण उचलले. खांद्याच्या उंचीचा चेंडू आला की टप्पकन मेला. पण पायाशी आला की भाऊ त्याच्याकडे वरून नुसते बघत, उंच इमारतीवरून ओळखीचा माणूस दिसावा तसे.

शेवटी जावई जिंकण्यापासून एका गुणावर आला. भाऊंनी सर्व्हिस टाकली आणि धावले. जावयानं चेंडू बरोबर पायाशी बुडवला. भाऊंनी डोळे मिटून गुडघा टेकला. कर्रर्र असा आवाज झाला, पण विजार फाटली नाही, फक्त दुमडली. चेंडू रॅकेटला लागून नेटच्या पलीकडे जेमतेम पडला. जावयाला आयुष्यात पहिल्यांदा काचेबाहेर यावं लागलं. धावत आला, चेंडू उचलला आणि बघतो तर स्वतः नेटला नाक लावून उभा, समोर सासरा गुडघ्यावर. विजार दुमडली तशीच घट्ट बसलेली, त्यामुळे भाऊंना उठता येईना. उठता येईना तर बसल्या बसल्या मारू लागले. टप, टप, टप. टप्पा न पडता चेंडू दोघांच्या मधे चिमणीसारखा. जावयाला हसू फुटलं. लग्नातसुद्धा इतका हसला नव्हता हा माणूस. शेवटी चेंडू त्याच्या रॅकेटच्या कडेला लागून भाऊंच्या डोक्यावरून मागे गेला आणि रेघेच्या आत पडला.

मी निकाल पुकारला. आवाज जरा कमीच निघाला माझा.

भाऊंना मी आणि जावयानं मिळून धरून उभं केलं आणि विजार सरळ केली. "शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले आणि घरी गेले. लेक जिंकली होती, पण तिचा कोर्टावरून पाय निघेना.

पुढच्या रविवारी भाऊ शब्दाप्रमाणे मागच्या रेघेवर उभे राहिले. हात बांधून, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे. समोर जावई. जावयानं सर्व्हिस टाकली, आणि धावला. खरंच धावला, थेट नेटपर्यंत.

भाऊंना सोपा चेंडू मिळाला होता. जावयाच्या बगलेतून मागे काढला असता तर तो हात चोळत राहिला असता. पण भाऊ हललेच नाहीत. चेंडू शेजारून निघून गेला.

"काय झालं?" मी वरून विचारलं.

"अंपायर," ते म्हणाले, "हे असं दिसतं होय समोरून? मी जन्मभर केलं, पण कधी पाहिलंच नव्हतं. बघायचं तरी कुणाचं, दुसरं कुणी धावतच नाही." मग जावयाला हाक मारून म्हणाले, "पुन्हा या. पण या खेपेला उशिरा थांबा, दोन पावलं पुढे."

तेव्हापासून असंच चाललंय. जावई धावतो, भाऊ मागून त्याच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकून त्याला हरवतात आणि वर सांगतात, "जावईबापू, गुडघे सांभाळा." बँकेतही म्हणे तो हल्ली काचेबाहेर येऊन लोकांना दारापर्यंत सोडतो, त्यामुळे रांग पुढे सरकत नाही.

परवा लेक माझ्या खुर्चीखाली येऊन उभी राहिली. "काका, आता यांचाही चष्मा फुटला नेटमध्ये. आता यांना कोणती अट घालू?"

मी काही बोलायच्या आत वहिनी मागून आल्या. त्यांच्या हातात खळीची बादली होती. "ते राहू दे," त्या म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्यानं विजार खळीला टाकलीय. कडक पाहिजे म्हणाला, पण गुडघ्यापाशी सोडून."