बाराबंदीची आतली गाठ

संक्रांतीच्या दिवसांत आमचं निम्मं सोलापूर पांढरं होतं. गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची मिरवणूक निघते आणि मागं आम्ही चालतो. अंगात पांढरी बाराबंदी, खाली धोतर, डोक्याला फेटा. बाराबंदीला गुंडी नसते, बंद असतात. एक पदर आत घेऊन काखेखाली बांधायचा, दुसरा त्याच्यावर ओढून छातीवर बांधायचा. दोन हात असले की त्यात काही नाही.

माझा डावा हात गेल्या संक्रांतीच्या तोंडावर गेला. म्हणजे खांद्याला आहे, लोंबतो. लकवा मारला. ती संक्रांत खाटेवरच गेली, नुसते ढोल ऐकत. या संक्रांतीला जायचंच, आणि कुणाचा हात अंगाला न लागू देता कपडे घालून जायचं, असं मी ठरवलं होतं. मला कुणी कपडे घालावेत हे मला चालत नाही. दवाखान्यात घातले, तेवढे पुरे.

ही बाराबंदी माझ्या बायकोनं शिवलेली. बंदसुद्धा तिनंच हातानं टाचलेले. दर संक्रांतीला बाकीच्या गाठी मी मारायचो, आतली तेवढी ती मारायची. मला येत नव्हती असं नाही. माझा जन्म मागावर गेला, टॉवेल विणण्यात. तुटलेला धागा चालत्या मागावर दोन बोटांनी जोडत आलो. पण ती गाठ तिची. बांधताना म्हणायची, "श्वास सोडा की. पोट फुगवून उभं राहिलात तर दुपारी सैल पडंल." मी मुद्दाम धरून ठेवायचो. ती पाठीत चापट द्यायची, तेव्हा सोडायचो. तिला जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर माझी मीच बांधत होतो. श्वास कधी सोडायचा हे सांगायला कुणी नव्हतं.

पोरगा नि सून पुण्याला असतात. सुनेनं मोबाईलवर मला एक कार्यक्रम दाखवला होता. मोठे दिवे, गाणं, आणि चाकाच्या खुर्चीवरची, लोखंडी पायाची पोरंपोरी नवे कपडे घालून पुढं येतात, लोक टाळ्या वाजवतात.

"बघा बाबा, आता अशांसाठी खास कपडे निघालेत. फॅशनमध्ये आलंय."

"पोरं छान हायेत. म्हातारं कुणी दिसंना."

"बाबा, तुमचं काहीतरीच."

मग तिनं एक शर्ट पाठवला. वर बटणं नुसती दिसायला, खाली लहान पोरांच्या बुटाला असते तसली चिकटपट्टी. एका हातानं दाबली की शर्ट बंद. खोटं कशाला बोलू, शर्ट झकास. रोज तोच घालतो. पण रंग राखाडी. सगळा गाव पांढरा आणि आपण राखाडी होऊन कडेला उभं राहायचं, त्यापेक्षा मग घरातच बसलेलं बरं. धोतर आणि बाराबंदीचं असलं काही मिळतं का, असं मी सुनेला विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "शोधते." अजून शोधतेच आहे.

मी माझं डोकं चालवलं. एक दिवस दुपारी दाराला कडी लावली, बाराबंदी खाटेवर पसरली आणि अंगात घालायच्या आधीच तिचे सगळे बंद बांधून टाकले. एक टोक दातात, एक हातात. मागावरची गाठ, पक्की. आता सदऱ्यासारखी डोक्यातून घातली की झालं, असा माझा हिशोब होता. पण बाराबंदी सदऱ्यासारखी सैल नसते. डोकं आत गेलं ते तिथंच राहिलं. चांगला हात वर बाहीत अडकला, मेलेला हात छातीशी दाबला गेला. ना पुढं, ना मागं. तोंडावर कापड, नाकात डांबरगोळीचा वास. खाली गल्लीत माणसं बोलत होती, ऐकू येत होतं. एक हाक मारली असती तर कुणीही आलं असतं. मी मारली नाही. खाटेच्या कडेवर बसून राहिलो, पोत्यात घातलेल्या मांजरासारखा.

खालच्या मजल्यावर एक बाई राहते. घरात तेलुगू बोलतात, ती मला ताता म्हणते, म्हणजे आजोबा. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर असते. ती शेंगाची चटणी घेऊन वर आली.

"ताता, ओ ताता! दुपारचं दार लावून काय करायलाय?"

"काय नाही. ठेव तिथंच आणि जा."

"आवाज असा का येतोय ओ? तोंडात काय हाय?"

"कापड."

खिडकीतून हात घालून कडी काढता येते, हे आमच्या चाळीत सगळ्यांना माहीत. ती आत आली आणि हसायलाच लागली. "अय्यो! ताता, पार्सल झालंय की तुमचं!"

"हसून झालं की सोडव."

तिनं नखं लावून बघितली. गाठी सुटेनात. "कात्री आणते. दोन मिन्टात मोकळं."

"कात्री लावलीस तर परत जिना चढू नको."

तिनं कात्रीचं नाव सोडलं, खालून सुई आणली. मग खाली बसून एकेक गाठ सुईनं सोडवत राहिली. माझं तोंड झाकलेलंच होतं, ते बरं झालं.

बाहेर निघाल्यावर ती म्हणाली, "चिकटपट्टी लावून देऊ का? वरून बंद तसेच दिसतील, बांधल्यासारखे."

"खोट्या गाठी? यात्रेत?"

"बाजारात शिवलेलं धोतर मिळतंय, इलॅस्टिकचं. तुम्ही पण तेच घालणार की. निम्म्या लोकांच्या डोक्याला बांधलेला तयार फेटा असतोय. ते चालतंय, आणि बाराबंदीलाच काय झालं ओ?"

तिचं खरं होतं. म्हणून मी ओरडलो, "बंद कापायचे नाहीत. आणि आतल्या गाठीला हात लावायचा नाही. तो बंद राहू दे, जसा आहे तसा."

"तो एका हातानं बांधता येणार नाही."

"ते माझं मी बघीन."

तिनं दोन दिवसांत करून आणली. कारखान्यात मालकालाही दाखवली म्हणे. ज्या लेकरांना गुंडी लावता येत नाही त्यांचे गणवेश असे शिवता येतील, असं ती बोलली. मालक म्हणाला, ऑर्डर कोण देणार? एका-दोन नगासाठी कटिंग लावत नाहीत. ती परत मशीनवर बसली. मीही विषय वाढवला नाही. मला काय, माझी झाली होती.

संक्रांतीला सकाळी अंघोळ करून बाराबंदी अंगात चढवली. मेलेला हात आधी, मग चांगला. वरच्या पट्ट्या दाबल्या, चटचट बसल्या. आरशात गाठी अगदी खऱ्या. मग पट्ट्या परत सोडून आतला बंद दातात धरायला बघितला, तोंड काखेपर्यंत पोचत नाही. भिंतीला टेकून बघितला, खाटेवर आडवं होऊन बघितला. शेवटी सोडून दिला आणि वरचा पदर लावून टाकला.

जिन्यात खालची बाई भेटली. तिच्या लगेच लक्षात आलं. हळूच म्हणाली, "ताता, आतली बांधू का? कुणी बघत नाही."

"नको."

मिरवणुकीत चाललो. ओळखीचे दोघंतिघं भेटले, तिळगूळ दिला, हाताची चौकशी केली. बाराबंदीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला तेच पाहिजे होतं. सगळ्यांनी हर्र बोला म्हणून हात वर केले तसा मीही एक वर केला. पट्टी सुटली नाही. आतला मोकळा बंद तेवढा बरगडीला लागत होता, चालीन तसा हलत होता. दुपारपर्यंत बाराबंदी आतून सैल पडली. बायको म्हणायची तशीच.

संध्याकाळी घरी येऊन पट्ट्या ओढल्या. चर्र चर्र आवाज झाला, रिकाम्या खोलीत जरा जास्तच. सोडायला गाठ एकही नव्हती. बाराबंदी घडी करून ठेवली. आतला बंद बाहेर लोंबत होता, तो आत सारला.